जानेवारी दरवर्षी येतो

आमच्या ऑफिसात लोक पावत्या बुटांच्या खोक्यात भरून आणतात. त्या एप्रिलपर्यंत कशाबशा निस्तरून होतात. पण पावत्या देता देता ते जे काही बोलून जातात, त्याला कुठलं खोकं? ते सगळं माझ्या डोक्यात साठत जातं. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूमधलं आमचं ऑफिस म्हणजे मालक खानोलकरकाका, मी आणि एक कॉफी मशीन. काका टॅक्स बघतात, मी क्लायंट्सचं पेरोल, म्हणजे पगाराचे हिशेब, बघते, मशीन बहुतेक वेळा बंद असतं. अशा ठिकाणी काय डोंबल घडणार, असं माझ्या नवऱ्याला वाटतं. तो शेजारच्या रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथे खरोखरच काही घडत नाही.

कोविडच्या पहिल्या वर्षी मात्र किश्श्यांचं नुसतं पीक आलं. निमित्त झालं सरकारच्या एका स्कीमचं. प्रत्येकाच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनचा, टॅक्स कापला जातो. सरकार म्हणालं, मालकाची इच्छा असेल तर सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत तो कापू नका, लोकांच्या हातात जरा जास्त पगार पडू दे. माफ नाही हं! जानेवारीपासून नेहमीचा टॅक्स कापायचा आणि राहिलेलाही कापायचा. आणि मधेच माणूस नोकरी सोडून गेला तर? तर राहिलेला टॅक्स मालकाच्या गळ्यात!

भाग घ्यायचा की नाही, हे मालकाने ठरवायचं होतं. म्हणजे मालक मला फोन करणार, हे ठरलेलंच.

*

खानोलकरकाकांनी स्कीम वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "वृंदा, ही उचल आहे. सरकार उचल देतंय आणि मालकाला जामीन ठेवतंय."

मग त्यांनी टेबलावरच्या फोटोच्या फ्रेमवर बोटाने टकटक केलं. फोटो त्यांच्या वडिलांचा. काळी टोपी, करारी चेहरा, बघणाऱ्याने काहीतरी चूक केली आहे अशी नजर. या वडिलांनी सांगलीला असताना मावसभावाच्या स्कूटरच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन म्हणून सही केली. मावसभाऊ स्कूटरसकट इंदूरला पसार झाला. पुढची काही वर्षं वडील दर महिन्याला हप्ता भरायला पतसंस्थेत जायचे.

"स्कूटर त्याची, हप्ते आमचे, आणि बाबा चालत!" काका म्हणाले. "शेवटपर्यंत एकच सांगायचे. काहीही कर, पण कुणाला जामीन राहू नकोस."

या उपदेशाचा काकांनी इतका मान ठेवला, की स्वतःच्या मुलाच्या अपार्टमेंटच्या लीजवरही जामीन म्हणून को-साइन केलं नाही. मुलगा सहा महिने मित्राच्या सोफ्यावर झोपला. तर आमच्या ऑफिसचा सल्ला ठरला. भाग घेऊ नका. मी दिवसभर फोनवर तेच सांगायचे आणि काका पलीकडून फ्रेमवर टकटक करायचे.

*

पण सल्ला घेणं आणि ऐकणं यात फरक असतो.

रेडमंडचे आमचे डेंटिस्ट, डॉक्टर अभ्यंकर. या देशात येऊन त्यांना इतकी वर्षं झाली, की त्यांच्या पहिल्या पेशंट्सची नातवंडं आता ब्रेसेस लावायला येतात. माणूस अतिशय लोकशाहीवादी. त्यांनी स्टाफची मीटिंग घेतली आणि विचारलं, "सप्टेंबरपासून पगार थोडा जास्त हातात येईल. हवाय का?"

सगळे हात वर!

"पण जानेवारीपासून तेवढाच जास्त कापला जाईल."

सगळे हात खाली!

डॉक्टरांनी नियमानुसार दोन्ही ठराव एकमताने पास केले आणि मला फोन केला. "वृंदा, स्टाफला सप्टेंबर हवाय, जानेवारी नकोय. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी काही सोय आहे का?"

मी म्हटलं, "डॉक्टर, तशी सोय असती तर मी इथे बसले असते का?"

*

त्या वर्षी आमच्या मंडळाचा गणपती झूमवर झाला. आरती प्रत्येकाची वेगळ्या वेगाने चालली होती. 'जय देव' म्हणताना निम्मे लोक पुढच्या कडव्यात आणि एक जोडपं प्रसाद खात होतं.

आरतीनंतर गप्पा निघाल्या. ही स्कीम ठरावीक पगारापर्यंतच होती. त्यावरचा पगार असेल तर तुम्ही त्यात बसत नाही. जोगळेकर म्हणून एक गृहस्थ सहज म्हणाले, "छे, आपण काही त्यात बसत नाही यार."

झालं! क्षणात पटापट सगळे अनम्यूट झाले. "आम्हीही नाही बसत!" "आमचा तर प्रश्नच नाही!" नुकती इंटर्नशिप संपवलेला एक मुलगाही बसत नव्हता. त्या संध्याकाळी सगळ्या मंडळात स्कीममध्ये बसणारा एकच प्राणी निघाला, तो म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन. दबक्या आवाजात. "वृंदाताई, एका मित्रासाठी विचारतोय. कंपनीने भाग घेतला नाही, तर आपण स्वतः अप्लाय करू शकतो का?"

जोगळेकर!

*

आता ज्याने मित्राच्या सोफ्यावर रात्री काढल्या, तो काकांचा मुलगा अमेय. जन्म इथलाच. त्याची तीन माणसांची स्टार्टअप आहे. ते एक ॲप बनवतात. तुम्ही गरजेपेक्षा जास्त खर्च करायला लागलात की ते ॲप तुम्हाला हटकतं.

अमेय ऑफिसात आला आणि म्हणाला, "डॅड, आय ॲम डूइंग इट. इट्स लिटरली फ्री मनी टिल जॅन्युअरी!"

काका शांतपणे म्हणाले, "अमेय, जानेवारी येतो. दरवर्षी येतो."

"बट दॅट्स फ्युचर अमेयज प्रॉब्लेम."

काकांनी फ्रेमवर टकटक केलं. अमेयने लहानपणापासून ही टकटक ऐकली आहे, त्यामुळे त्याच्यावर तिचा काही परिणाम होत नाही. त्याने भाग घेतला. मालकही तोच, नोकरही तोच. हातात जास्त आलेल्या पगाराच्या भरवशावर त्याने विजेवर चालणारी सायकल घेतली. ॲपने त्याला हटकलं, तर त्याने नोटिफिकेशन्स बंद केली!

जानेवारीतल्या पहिल्या पगाराच्या दिवशी त्याचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला. "मावशी, देअर्स अ बग इन पेरोल. माय चेक इज टू स्मॉल!"

मी म्हटलं, "बग नाही रे बाळा. जानेवारी आहे."

*

इथवर सगळी मजा होती. मीनाकाकूंचं मात्र तसं नव्हतं.

मीनाकाकू मूळच्या कोल्हापूरच्या. बेलव्ह्यूत त्यांचं छोटं थाळीचं हॉटेल आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीने चालवलं. कोविडमध्ये बसून जेवणं बंद झालं, फक्त पार्सल उरलं. माणूस एकही काढला नाही, पण सगळ्यांचे तास कमी करावे लागले. त्यांची खरी काळजी होती बेनितो. बेनितो मेक्सिकोचा, त्यांचा स्वयंपाकी. या गावात त्याच्यासारखी पुरणपोळी कुणाला येत नाही, काकूंनाही नाही, आणि हे काकू स्वतः सांगतात. कमी तासांत त्याचं भागत नव्हतं. डोंगरापलीकडे यकिमाला त्याचा भाऊ होता, तो तिकडे बोलवत होता. बेनितो गेला तर हॉटेलाला कुलूप, इतका साधा हिशेब होता.

काकू डबा घेऊन ऑफिसात आल्या. आधी डबा टेबलावर, मग विषय. "खानोलकर भावजी, मी भाग घेणार बघा."

"वहिनी, अजिबात नको! उद्या तो बेनितो सोडून गेला तर त्याचा टॅक्स तुम्ही भराल. तुम्ही जामीन राहताय त्याला!"

काकू म्हणाल्या, "अहो, माझ्या भरवशावर ती माणसं रोज कामाला येत्यात. जामीन मी आधीपासनंच हाय की! आता सरकारनं विचारलं एवढंच."

काकांनी फ्रेमवर टकटक केलं. काकूंनी फोटोकडे पाहिलं, लांबूनच नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, "वृंदा, तू घाल गं नावं."

पण काकूंचं डोकं कोल्हापुरी. दर पगाराला हातात येणारी ती चिल्लर चहापाण्यात जाईल, कुणाच्या कामी येणार नाही, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी किचनमध्ये भिशी सुरू केली! पगार झाला की जास्तीची रक्कम सगळ्यांनी एकत्र करायची आणि चिठ्ठी निघेल त्याने सगळी उचलायची. नियम दोनच. पैसे हातात द्यायचे, फोनवरून नाही. आणि दिल्यावर चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. बेनितोला भिशी समजावून सांगायला काकूंनी मला नेलं. मी इंग्रजीत निम्मंच सांगितलं असेल, तोच तो हसायला लागला. "आमच्या गावात हिला तांदा म्हणतात. माझी आई चालवायची!"

पहिली चिठ्ठी त्याचीच निघाली. त्याने बंद पडलेला पिकअप ट्रक दुरुस्त केला आणि वर्षअखेरपर्यंत तो टिकला.

काका कानांवर हात ठेवून मला म्हणाले, "हे भिशीचं तू मला सांगितलेलं नाहीस." मी म्हटलं, "काय सांगितलेलं नाही?"

*

जानेवारी आला. दरवर्षी येतो तसा.

हॉटेल अजून पार्सलवरच होतं. बेनितोने काकूंचा हात धरून माफी मागितली आणि तो यकिमाला भावाकडे गेला. त्याचा राहिलेला टॅक्स काकूंच्या गळ्यात पडला. काकांनी "मी सांगितलं होतं" म्हणण्यासाठी तोंड उघडलं. काकूंचा चेहरा पाहिला आणि मिटलं. काकू स्वतः पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या. त्या फाटायच्या. गिऱ्हाइकं काही बोलली नाहीत, हे जास्त वाईट होतं.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी दुपारी मी आणि काका पार्सल घ्यायला गेलो होतो. दार उघडलं आणि बेनितो आत आला. जॅकेटवर बर्फ, बर्फात घसरू नये म्हणून ट्रकच्या टायरना साखळ्या. डोंगरावरून घाट उतरून आला होता, त्या हवेत! त्याने काउंटरवर काकूंच्या हातात पैसे ठेवले.

काकू म्हणाल्या, "नो नो, बेनितो! टॅक्स आता माझा. लॉ आहे. विचार या वृंदाला."

मी मान हलवली. लॉ आहेच.

बेनितो म्हणाला, "येस काकू. टॅक्स युअर्स. भिशी माईन. पहिला नंबर मी घेतला होता."

"अरे, भिशी डिसेंबरात संपली!"

"भिशीतले पैसे त्या टॅक्सचेच होते. घेऊन झाले. द्यायचे राहिलेत."

मग बिलावरून आपल्याकडे जसं भांडण होतं, तसं अगदी साग्रसंगीत भांडण झालं. तो पैसे पुढे सरकवतोय, त्या मागे सरकवताहेत. मला राहवेना. मी म्हटलं, "अरे, पण फोनवरून पाठवायचे ना! एवढा घाट कशाला ओलांडायचा?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी काहीतरी अगदीच अडाणी बोलले असावे. "फोनवर चहा कोण देणार?"

काकूंनी डोळे पुसले आणि चहा टाकला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू! काका खिडकीबाहेर त्या साखळ्या लावलेल्या ट्रककडे बघत उभे होते. परत येताना गाडीत एवढंच म्हणाले, "तो स्कूटरवाला इंदूरहून परत आला असता तर बाबांनीही चहाच दिला असता."

राहिलेलं फिटेपर्यंत बेनितो दर पगाराला येत राहिला. येईल तेव्हा पुरणपोळ्या करून ठेवून जायचा, आणि त्या आठवड्यात हॉटेल चालायचं.

*

हा शेवटचा किस्सा परवाचा.

काकूंचं हॉटेल आता भरलेलं असतं. बेनितो सहकुटुंब परत आला आहे आणि त्याला स्वतःचा फूड ट्रक काढायचा आहे. टाको आणि पुरणपोळी एकाच खिडकीतून! ट्रक लीजवर मिळत होता, पण लीज देणारा को-सायनर मागत होता. काकूंच्या डोक्यावर हॉटेलचं कर्ज, त्यांची सही चालेना. कुठे जमतंय का विचारायला दोघं आमच्या ऑफिसात आले.

अमेयही तिथे होता. तो हळूच माझ्या कानात म्हणाला, "मावशी, ही डिडन्ट इव्हन साइन फॉर मी."

काकांनी लीज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढला. पुसला. परत घातला. टेबलावरच्या फ्रेमकडे त्यांचा हात गेला. आम्ही सगळे टकटकीची वाट बघत बसलो.

काकांनी फ्रेम उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि म्हणाले, "वृंदा, पेन दे."