चार बोटं माया

माझ्या मेहुण्याच्या लग्नात मी अक्षता कमरेच्या उंचीवरून टाकल्या, कारण माझ्या सदऱ्याची तेवढीच परवानगी होती.

सुरुवात शिंप्यापासून करावी लागेल. (राग अजून गेलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.) आदल्या दिवाळीत घरच्यांचं कापड त्याच्याकडे टाकलं होतं. मी रोज विचारायला जायचो आणि तो रोज मान वर न करता म्हणायचा, "उद्या या." दिवाळी आली, गेली, तुळशीचं लग्न लागलं, तरी त्याचं 'उद्या' उजाडलं नाही. शेवटी भर नवी पेठेत त्याच्या फळीवर उभा राहून मी असा भांडलो की समोरचा सराफ गिऱ्हाईक सोडून ऐकायला बाहेर आला. न शिवलेलं कापड काखोटीला मारलं आणि शपथ घेतली, माझ्या घरातलं कापड यापुढे शिंप्याचं तोंड पाहणार नाही. तेव्हापासून 'उद्या' हा शब्द कानावर पडला की माझी कानशिलं तापायची.

मी स्वतः कापडातला माणूस. होटगी स्टेशनवर खांद्यावर गाठोडं टाकून कटपीस विकले आणि जिभेच्या व मीटरपट्टीच्या जोरावर पेठेत दुकान मिळवलं. गिऱ्हाइकाने कितीही "जरा सोडून मोजा की मालक" म्हटलं तरी माझ्या हातून बोटभर कापड कधी जास्त गेलं नाही. याचा मला फार अभिमान होता. (होता.)

तर अक्कलकोटकडे, माझ्या सासुरवाडीला, मेहुण्याचं लग्न निघालं. माझी बायको गिरिजा म्हणाली, "कपड्यांचं काय करायचं?"

"शिंप्याकडं जायचं न्हाय."

"मग काय चादरी गुंडाळून जायचं?"

"तुझी ट्रंक काढ."

तिने ती पुढ्यात ओढली. पलंगाखालच्या त्या ट्रंकेत गिरिजाचं अकरा वर्षांचं अर्धवट शिवण होतं. एका बाहीचं पोलकं. थोरलीसाठी ती चार वर्षांची असताना बेतलेला परकर. (थोरली आता दहा वर्षांची.) धाकटीचा घेर जोडायचा राहिलेला झगा. कॉलर नसलेला माझा सदरा, माझ्या पोटाचा जन्म होण्यापूर्वीच्या मापाचा. माहेरी मात्र ती प्रत्येक पत्रात लिहायची, "आम्ही सगळं घरीच शिवतो." शिवण तिला तिच्या आईने शिकवलेलं. त्या आईसमोर, साऱ्या भावकीसमोर, आता ते 'सगळं' अंगावर घालून उभं राहायचं होतं.

मला ही संधी सोडवेना. मी म्हणालो, "अकरा वर्षांत एक तरी वस्तू शेवटाला नेली का गं तू?"

गिरिजाने पोलकं उचललं. "ही बाही लावत होते, तवा तुमी हाक मारली. दुकानात गर्दी हाय, लवकर ये म्हणून." मग परकर उचलला. "ह्याला नाडी घालायची होती. तुमी म्हणाला, गाठोडी मोजायला कोण न्हाय." मग झगा. "आन् ह्याच्या वक्ताला..."

"बास, बास," मी म्हणालो. जबाब नसला की मी हुकूम सोडतो. "आता मी बसतो बेतायला. तू मशिन चालव."

मशिनही माझीच करामत होती. बदली झालेल्या एका रेल्वेवाल्याकडून ते मी घेतलं होतं. घासाघीस इतकी केली की शेवटी त्याने चिडून पट्टा काढून घेतला आणि बिनपट्ट्याचं मशिन माझ्या हवाली केलं. आमचं मशिन परकराच्या नाडीवर चालायचं आणि दर वीतभर टिपेला नाडी सुटायची.

शेवटी गिरिजाने लाज सोडून माहेरी कळवलं आणि सासूबाई लग्नघर भावकीवर टाकून गावाहून मदतीला आल्या. त्यांना मराठी येत नव्हतं. मला कन्नड येतं, पण बाजारापुरतं: 'एष्टु' म्हणजे किती, 'बेकु' म्हणजे पाहिजे, 'बेडा' म्हणजे नको. एवढ्या तीन शब्दांवर मी अर्धं अक्कलकोट गुंडाळलं होतं, सासूबाईंचं काय एवढं?

लग्न चार दिवसांवर आलं. बाह्या लागल्या, घेर जोडले गेले, कॉलर बसली. राहिले फक्त खालचे काठ. त्या दुपारी गिरिजा मुलींना घेऊन बांगड्या भरायला गेली. घरी मी आणि सासूबाई. मी कपडे पसरून पाहिले आणि माझं डोकं फिरलं. प्रत्येक कपड्याला खाली कच्च्या दोऱ्याची खूण होती, आणि खुणेच्या खाली चांगलं चार बोटं कापड नुसतं लोंबत होतं! शिंपी लोक दुमडून आत ठेवतात त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण चार बोटं? ही माया नव्हे, ही उधळपट्टी. मी कात्री घेतली आणि आधी माझा सदरा खुणेवर सरळ कापला.

सासूबाई हातातली काजं सोडून उठल्या. "उद्द! उद्द बेकु री!"

माझी कानशिलं तापली. उद्या पाहिजे? "लगीन चार दिसांवर हाय, मामी. उद्या कशाला?"

"उद्द! उद्द!"

म्हणजे बायकांचं आपापसात ठरलेलं दिसतंय, मी मनात म्हटलं, कपडे उद्याच तयार हवेत. ठीक आहे. शिंपी उद्या म्हणतो आणि देत नाही. मी आज देऊन दाखवतो. "उद्या न्हाय, आज!" मी म्हणालो आणि परकर ओढला.

सासूबाईंनी परकराचं दुसरं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कापड असं ताठ झालं की कात्री लोण्यातून गेल्यासारखी गेली. "लई झ्याक धरता, मामी," मी शाबासकी दिली. झगा त्यांनी छातीशी कवटाळला होता. तो मी गोडीगुलाबीने सोडवून घेतला. उत्साहात माझ्या सदऱ्याच्या कापलेल्या पट्टीने मी मशिनचं तेलही पुसून टाकलं.

गिरिजा परतली तेव्हा सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या कन्नडमधून बराच वेळ बोलल्या. त्यातले मला 'अळिय', म्हणजे जावई, आणि 'कत्तरि' एवढे दोनच शब्द कळले; पण ते एकाच वाक्यात वारंवार येत होते.

गिरिजाने परकर थोरलीच्या कमरेला लावून पाहिला. तो गुडघ्यापाशी थांबला.

"उद्द म्हंजे लांबी," ती म्हणाली.

"काय?"

"उद्या न्हवं. उद्द. लांबी. अव्वा म्हणत होती, लांबी पायजे." ती खाली बसली. "माझं कुठलंच शिवण वक्ताला पुरं होत न्हाय, हे मला ठावं होतं की. म्हणून जुन्या मापाच्या खुणेखाली पोरींच्या वाढीचं, तुमच्या पोटाचं कापड सोडत आले. तेवढंच आता पुरणार होतं. तुमी माझी समदी माया कापली हो."

ती रडली असती तर मी काहीतरी घासाघीस केली असती. ती रडली नाही. माझ्या दुकानात धावलो, तर त्या छापाचं कापड सहा वर्षांपूर्वीच संपलेलं. शेवटी शपथ गिळली आणि शिंप्याच्या फळीपुढे जाऊन उभा राहिलो. त्याने मान वर केली नाही.

"उद्या या," तो म्हणाला.

परत आलो तर मायलेकी जमिनीवर बसून कापलेल्या पट्ट्या एकेक करून जागेवर जोडत होत्या आणि जोडावर बारीक लाल गोट लावत होत्या. दोन दिवस दोघी माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलल्या नाहीत. सगळ्यांचं सगळं जुळलं. माझ्या सदऱ्याची पट्टी तेवढी तेलात गेली होती.

लग्नात बायका मुलींचे परकर हातात धरून गोट निरखत होत्या. "कुठं शिवलं गं?" कुणीतरी विचारलं. "घरीच," गिरिजा म्हणाली, आणि तिची मान ताठ होती. मी मात्र कोपरं बरगड्यांना चिकटवून खांबाशी उभा. हात जरा वर गेला की सदरा बेंबीचं दर्शन घडवायचा. मंगलाष्टकांना मी अक्षता खालून वर भिरकावल्या. त्या नवरदेवाच्या गुडघ्याला लागल्या. एका म्हाताऱ्या पाहुण्यांना दया आली. "खांदा धरलाय काय?" मी हो म्हणालो. त्यांनी सगळ्या मांडवासमोर माझा हात धरून सरळ आभाळाकडे उचलला.

त्यानंतर सासूबाई माझ्यासाठी मुद्दाम एक मराठी शब्द शिकल्या. आजही त्या आमच्याकडे आलेल्या असताना मी कात्रीकडे हात नेला की बसल्या जागेवरून ओरडतात, "लांब! लांब!" त्यांना लांबी म्हणायचं असतं की मला दूर हो म्हणायचं असतं, हे मी विचारलेलं नाही. कन्नडमध्ये एकदा फसलोय. मराठीत धोका नको, म्हणून मी आपला लांब होतो.