पाच लाख व्होल्टचा इलेक्ट्रॉन

फिजिक्स शिकवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. एकच गणित दरवर्षी नव्या पोरांना घालायचं, किस्से आपोआप साचतात. आमचं गणित ठरलेलं: इलेक्ट्रॉनला शंभर व्होल्ट दिले, तर तो किती वेगाने पळेल? सूत्र एका ओळीचं. तरी आमच्या नागपूरच्या कॉलेजात जितकी पोरं, तितकी उत्तरं!

*

सम्यक वर्गमूळ काढायचंच विसरला. उत्तर आलं प्रकाशाच्या वेगाच्या लाखपट! आमचे हेड भोयर सर ओरडले, "काहून गा, तुझा इलेक्ट्रॉन प्रकाशाले ओव्हरटेक करून राहिला!"

"सर, फक्त मूळच राहिलं ना. बाकी तर सगळं बरोबर आहे!"

*

पल्लवीने वस्तुमान लिहिताना घातातलं मायनस गाळलं. तिचा एक इलेक्ट्रॉन चाळीसेक सूर्यांइतका जड झाला. तो कसला हलतो!

"हा इलेक्ट्रॉन नाही वं," भोयर सर म्हणाले, "ही आपल्या ऑफिसातली फाईल होय!"

सगळे हसलो. मेश्राम मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. आमच्यात सगळ्यात छान त्या शिकवतात, पण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर; कायम व्हायची फाईल ऑफिसातून हलतच नाही. दर उन्हाळ्यात घरी, कॉलेज उघडलं की पुन्हा अर्ज. मला याची मनापासून चीड येते.

*

नागपूरलगतच्या बेस्याहून एक पालक आले. पोराने गणित उतरवताना शंभरावर दोन शून्यं जास्तीची दिली होती. पोराची वही नाचवत म्हणाले, "सर, आमच्याकडे संध्याकाळी कूलर चालाले व्होल्टेज नाही, अन् तुम्ही एका इलेक्ट्रॉनले दहा हजार देऊन राहिले?"

*

यंदा कायम जागा निघाली. एकच! मुलाखतीत फळ्यावर शिकवून दाखवायचं होतं, म्हणून आम्ही विद्यार्थी बनून बाकांवर बसलो. भोयर सरांनी मॅडमना आधीच बजावलं होतं, "तज्ज्ञ म्हणतील ते लिहा. वाद घालू नका."

बाहेरून आलेले तज्ज्ञ म्हणाले, "पाच लाख व्होल्ट. वेग काढा."

आधीच्या उमेदवारांनी सूत्रात आकडे टाकून सेकंदाला बेचाळीस कोटी मीटर काढले होते. तज्ज्ञांनी खुशीत मान डोलावली होती. प्रकाश बिचारा तीस कोटींवरच! इतक्या व्होल्टला हे साधं सूत्र चालत नाही, हे बाकावरच्या आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आम्ही शहाण्या विद्यार्थ्यांसारखं ते उत्तर वह्यांत उतरवून घेतलं.

मॅडमनी आकडे टाकले आणि त्या थांबल्या. भोयर सर खालून हातवारे करत होते.

"लिहा मॅडम, लिहा," तज्ज्ञ म्हणाले. "बेचाळीस कोटीच येते."

"सर, तुम्ही परमनंट आहे ना?"

"हो. काहून?"

मॅडमनी खडू त्यांच्या हातात दिला. "मग हे तुम्हीच लिहा. मले अजून व्हायचं आहे!"