पहिली गोळी वाघोबाची

साच्यातून काढलेली शिशाची गोळी मामा तळहातावर घ्यायचे, एक डोळा मिटायचे आणि आडात पाणी किती उरलंय ते पाहावं तसे तिच्या तोंडाच्या खड्ड्यात पाहायचे. मग मान हलवायचे.

"मधोमध न्हाई, राव."

गोळी पुन्हा चुलीवरच्या कढल्यात जायची आणि वितळायची. आमच्या आळीने हे इतक्या वेळा पाहिलं होतं, की पुढे कुणाच्या भिंतीत खिडकी जरा बाजूला बसली तरी लोक एक डोळा मिटून तेच म्हणायचे.

आळी त्यांना मामा म्हणायची. मूळचे ते आहुप्याकडचे, डोंगरातले. भात-नाचणीची वरची शेती भावाकडे सोपवून घोडेगावजवळच्या आमच्या गावात ओढ्याकाठी राहायला आले. येताना चार भांडी, मामी आणि वडिलांची ठासणीची बंदूक एवढंच आणलं. बंदुकीचा परवाना शेतीसंरक्षणाचा, रानडुकरांसाठी. वडिलांमागे तो रीतसर त्यांच्या नावावर झाला. मी शाळेत मास्तर, त्यांच्या भिंतीला लागून माझं घर. संध्याकाळी पुस्तक घेऊन ओट्यावर बसलो, की पलीकडून गरम शिशाचा वास यायचा.

गोळी पोकळच का हवी, हे मी एकदा विचारलं.

"बापानं एक डुक्कर मारलं व्हतं," ते म्हणाले. "गोळी भरीव. डुकरातनं आरपार गेली आन पलीकडच्या बांधाला चुलत्याचा बैल बांधलेला, त्याला लागली. बैल गेला. चुलता बापाशी मरंपर्यंत बोलला न्हाई." मग म्हणाले, "गुरुजी, गोळी कशी पायजे? पावण्यावानी. आली, बसली, थितंच थांबली. मागच्या दारानं दुसऱ्याच्या घरात शिरायची न्हाई."

तोंडाला खड्डा असलेली गोळी जिथे शिरते तिथेच थांबते, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. तेव्हापासून साचे सुरू झाले. आधी मातीचा, मग मऊ दगड कोरून केलेला, मग पितळेचा. एक साचा दोन फाळक्यांचा, पुस्तकासारखा उघडणारा. तो त्यांनी मला मुद्दाम दाखवला, कारण पुस्तकाचं काही दिसलं की ते माझं, असा त्यांचा हिशेब होता. खड्डा पाडणारी खुंटी कधी तिरपी बसायची, कधी अडकायची, कधी गोळीच्या ओठालाच सुरकुती पडायची. शिशाचे तुकडे आळेफाट्याच्या गॅरेजांतून यायचे. मामी म्हणायची, "लोकाचा नवरा फाट्यावरनं भेळ आणतो. आमचं बघा."

तुम्हालाही असा एखादा माणूस ठाऊक असेल, ज्याचं काम कधी पूर्णच होत नाही आणि त्याबद्दल त्याला कधी वाईटही वाटत नाही. तो आळशी म्हणावा तर दिवसभर राबत असतो. मामा मला बरीच वर्षं असेच वाटले. आहुप्याला गेल्यावर थोडं उमगलं.

त्यांच्या घरात एक रीत होती. नव्याचं पहिलं वाघोबाचं. नवा तांदूळ, व्यालेल्या गाईचं पहिलं दूध, सगळ्याचा पहिला वाटा देवराईच्या कडेला बसलेल्या वाघोबाला. मामांच्या घराण्यात ही रीत साच्यालाही लागू होती. नव्या साच्याची पहिली गोळी वाघोबाला, आणि ती पोचवल्याशिवाय त्या साच्यात दुसरी ओतायची नाही. एका दिवाळीत वाघबारशीला ते मला एसटीने बरोबर घेऊन गेले. शेंदूर माखलेला दगड, त्यावर झिजलेला वाघ, चंद्र आणि सूर्य. पायथ्याला गोळ्यांची लहानशी रास होती. बुटक्या, लांबट, खोल खड्ड्याच्या, उथळ खड्ड्याच्या. मामांचे सगळे साचे तिथे ओळीने वाचता येत होते.

खाली काही साध्या, भरीव गोळ्याही दिसल्या.

"ह्या?"

"बापाच्या. बैल गेल्यानंतरच्या."

"म्हणजे तेही साचे बदलत होते?"

मामांनी नारळ फोडला. "प्रसाद घ्या गुरुजी," म्हणाले.

मी प्रसाद घेतला.

एका हिवाळ्यात आमच्याकडे ऊसतोड चालली होती. उसाचा आडोसा गेला आणि सकाळी उन्हं वर आल्यावर एक बिबटी भांबावून शेजाऱ्याच्या कांदा साठवायच्या बराखीत शिरली. या शेजाऱ्याची दोन करडं आधीच गेली होती, म्हातारा कुत्राही गेला होता. त्याने बाहेरून बराखीचं दार ओढून कडी लावली आणि ओरडत सुटला. बघता बघता गाव जमा झालं. लोक झाडांवर, ट्रॅक्टरवर, पत्र्यावर चढले. वनखात्याला फोन गेला होता, पण गाडी लांब होती.

"मामा, काढा बंदूक! इतकी वर्षं गोळ्या ओतताय, आज कामाला येऊ द्या!"

मामा रिकाम्या हातांनी आले आणि बराखीपासून जरा लांब, बांधावरच्या दगडावर बसले. मला एवढंच कळत होतं की त्यांनी बार टाकला तर दोनच गोष्टी होतील. जनावर मेलं तर मामा तुरुंगात, आणि नुसतं जखमी झालं तर त्या कुडाच्या भिंती फोडून ते थेट गर्दीत.

"साचा नवा हाय," मामा म्हणाले. "पहिली गोळी वाघोबाची. ती अजून आहुप्याला पोचायची हाय."

"आन जुन्या साच्यातल्या?"

"मधोमध नव्हत्या. वितळवल्या."

पत्र्यावरून कुणीतरी हसलं. बराखीचा मालक मात्र हसला नाही. "देव वाघाचा आन गोळी वाघाला! तुमी बंदूक पाळता का कोंबडी, मामा? द्या इकडं. आत काय भरायचं ते माजं मी बघतो."

"परवाना माज्या नावाचा हाय, भाऊ."

"परवाना घाला चुलीत!" म्हणत तो मामांच्या घराकडे धावला. चारपाच जण त्याच्या मागे. मीही मागे पळालो, अडवायला की पाहायला, ते आता सांगता येणार नाही.

दारात मामी बसली होती. उंबऱ्यावर आडवी विळी टाकून ती निवांत मेथी निवडत होती.

"मामी, सरा. बंदूक पायजे."

"परवाना त्येंच्या नावाचा," मामी मेथीवरून नजर न काढता म्हणाली, "आन उंबरा माज्या नावाचा. वलांडून दाखव."

तो तिथेच उभा राहिला. त्याच्या लहानपणी आई आजारी असताना याच उंबऱ्यावर बसून तो जेवला होता. दोनदा पाय उचलला, दोनदा खाली ठेवला. मग शिव्या देत परत फिरला.

वनखात्याची माणसं आली. त्यांनी लोकांना मागे हटवलं, भुलीचं इंजेक्शन मारलं, आणि बिबटी झोळीत घालून पिंजऱ्यात ठेवली. झोपलेली ती इतकी लहान दिसत होती, की पत्र्यावरची माणसं एकेक करून खाली उतरली. पिंजऱ्याची गाडी वळणाआड गेली तेव्हा मामा दगडावरून उठून माझ्याजवळ आले.

"गुरुजी, वतायला भ्याव वाटत न्हाई. आत भरायला वाटतं."

त्यानंतर बराखीचा मालक मामांशी बोलायचा बंद झाला. आळीतल्या काहींनी त्यांना भित्रं म्हटलं. मामांनी ते ऐकून घेतलं आणि नवा साचा करायला घेतला.

ते गेले ते या पावसाळ्यानंतर. थोड्या दिवसांचं दुखणं, कुणाला त्रास नाही. दुपारी मामीने चहा विचारला, ते हो म्हणाले, आणि चहा होईपर्यंत नव्हते. मला रडू आलं ते दोन दिवसांनी, संध्याकाळी ओट्यावर नुसता मातीचा वास आला तेव्हा.

परवानाधारक गेला, की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. मामी मला म्हणाली, तुमी चला. गाडी कुणाची, असा प्रश्न होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बराखीचा मालक आपली पिकअप घेऊन दारात उभा राहिला. मामीला हात धरून पुढे बसवलं आणि बंदूक धुतलेल्या धोतरात गुंडाळून माझ्या मांडीवर दिली.

ठाण्यातला हवालदार वयस्कर होता. त्याने बंदूक हातात घेतली. लाकूड तेलाने चमकत होतं, लोखंडावर गंजाचा ठिपका नव्हता. "लई जपलीया," तो म्हणाला. मग ती भरलेली नाही ना, हे पाहायला त्याने नळीत गज घातला. गज थोडाच आत गेला आणि अडला. त्याचा चेहरा बदलला. आम्हाला मागे व्हायला सांगून त्याने तो जपून फिरवला, तर बाहेर आली कोरडी माती. आणखी फिरवला, आणखी माती. मातीत लहान लहान खोल्या होत्या, अगदी गोल, आणि त्यांत किड्यांची वाळकी टरफलं.

"कुंभारीण माशीचं घर," हवालदार म्हणाला. "हे आत्ताचं न्हाई. थरावर थर हाईत, दगडावानी झालेत. बरीच वर्षं असणार. हिच्यातनं कुनी बार टाकला असता, तर नळी त्याच्याच तोंडावर फुटली असती."

बराखीचा मालक बाकावर बसला. त्याने पाणी मागितलं, आणि आलेलं पाणी हातात धरून तसाच बसून राहिला.

"भायेरनं रोज तेल लावायचे," मामी म्हणाली. "आत कदी वाकून बघितलं न्हाई त्येंनी." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मामांना ते घर ठाऊक होतं का, हे मला माहीत नाही. माहीत नाही याचंच मला बरं वाटतं.

पोच घेऊन आम्ही निघालो. वाटेत मेंढरं आडवी आली, गाडी थांबली. मालकाने स्टिअरिंगवरचा हात काढून गालावर ठेवला, मग कपाळावर, मग डोळ्यांवरून हळूच फिरवला.

"दात दुखतोय का रं?" मामीने विचारलं.

"न्हाई मामी," तो म्हणाला. "समदं जागच्या जागी हाय का, ते बघतोय."