शनवाऱ्यातला रिकामा चौथरा

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या त्या मूर्तिकाराने जन्मभर देव घडवले. पण नजर माणसांवर. कापूस वेचणीच्या दिवसांत तो तापीकाठच्या बांधावर बसून राही आणि वेचणाऱ्या बायांच्या पाठी, माना, कमरेचा बाक बघत राही. लोक नको ते बोलायचे. मी विचारलं तर म्हणाला, "देवाला सगळे हात जोडतात, भाऊ. बघत कोणीच नाही. माणूस घडवला तर बघतील."

तेव्हा प्रांतांच्या सीमा नव्याने आखायच्या होत्या. बुऱ्हाणपूर मराठी मुलखात जावं म्हणून आमची समिती झगडत होती. तिची पत्रकं मी लिहायचो. समितीने शनवारा दरवाजाजवळ चौथरा बांधला. त्यावर इथल्या कष्टकरी बाईची मूर्ती बसवायची ठरलं आणि काम त्याला मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याकडे माणूस मागितला होता.

त्याने बायकोलाच समोर उभं केलं. काळ्या दगडातून ती हळूहळू बाहेर आली. कमरेला कापसाची झोळी, डोक्यावरून उजव्या खांद्यावर पुढे आलेला पदर, आणि मान अशी वळलेली, की मागून कोणी हाक मारली असावी. मी कामं टाकून बघायला जायचो.

मग समिती आली. अध्यक्षांनी मान बघितली नाही, पदर बघितला. पदर उजव्या खांद्यावर, ही तर हिंदी बाई झाली, म्हणाले, विरोधक आपली टिंगल करतील. पदर छिलून काढा, अंबाडा दिसू द्या. मी भांडलो. मला सांगितलं, तू पत्रकं लिही. मूर्तिकार एवढंच म्हणाला, की त्या पदराच्या दगडानेच मान पेलली आहे. नसेल जमत, तर चौथऱ्यावर दुसऱ्या कोणाची मूर्ती बसेल, असं उत्तर मिळालं.

काय हा माज! आणि चौथरा त्याला हवाच होता. बरेच दिवस त्याने छिन्नीला हात लावला नाही. मग लावला. खांद्याजवळचा शेवटचा दगड सुटताना मान तुटली.

मी पोचलो तेव्हा त्याची बायको दारात उभी होती, डोक्यावर तोच पदर.

"माहेर माझं खानदेशातलं, रावेरचं," ती म्हणाली. "सासरी असा घेतात म्हणून असा घेते. एकानं तरी विचारायचं होतं."

पुढे सीमा आखल्या गेल्या, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, समिती पांगली. चौथऱ्यावर आता केळीवाला घड मांडतो. ती मान मात्र मला अजून आठवते, आणि तशी दुसरी होणार नाही.

भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, तापीत सोडून या, असं तेव्हा शेजारी मूर्तिकाराच्या मागेच लागले होते. तो मारुतीची शेपटी कोरत होता. मान वर न करता म्हणाला, "विसर्जन देवाचं करतात. ही बाई आहे."

धड अंगणात आहे. डोकं बायकोने आत नेलं.