आम्ही, आपण आणि इंग्रजीतलं वुई

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील, म्हणजे आमचे आण्णा, कडेगावात एका छापखान्यात कामाला होते. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं हे पोटापाण्याचं काम. ते उरकलं की मालकाला विचारून पत्रकं छापायची. पाण्याची पाळी, स्मशानाची वाट, जयंतीची मिरवणूक, रेशनचं दुकान, भांडण कुणाचंही असो, मजकूर आण्णाच लिहून द्यायचे. छपाईत बिघडलेले गुलाबी-पिवळे कागद घरी यायचे आणि आई त्यांची कव्हरं माझ्या वह्यांना घालायची. ‘जाहीर निषेध’ हे शब्द मी माझ्या नावाआधी वाचायला शिकले.

पत्रकाचं स्वतःचं एक व्याकरण असतं. मागणी करायची ती ‘आम्ही’ म्हणून, हाक घालायची ती ‘आपण’ म्हणून. ‘मी’ला तिथं जागा नाही. आण्णा म्हणायचे, “मी लिवलं की पत्रकाचा अर्ज हुतो. आन अर्ज टोपलीत जातो.” माझा त्यावर पूर्ण विश्वास होता, अजूनही बराचसा आहे.

मग मला खरोखरचा एक अर्ज लिहायची वेळ आली.

मी तेव्हा साताऱ्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करत होते. गावोगावी फिरायचं, कुठं बस जाते, कुठं जात नाही, कुणाची शाळा आणि कुणाचा दवाखाना त्यापायी सुटतो ते लिहून आणायचं. लिहून आणलेलं घेऊन पुढं काय करायचं, गाड्यांचं जाळं आखतात कसं, हे मला शिकायचं होतं. इंग्लंडच्या सरकारची एक शिष्यवृत्ती आहे असं कळलं. वर्षभराचं पदव्युत्तर शिक्षण, सगळा खर्च त्यांचा, जगभरातून मुलं निवडतात. शिकून आपल्या देशात परत यायचं ही एक अट. आणि अर्ज करणाऱ्यात नेतृत्वगुण हवेत ही दुसरी.

आण्णांना सांगितलं, तेव्हा ते चहा गाळत होते.

“इंग्रजाचं सरकार तुला फुकट शिकवनार? कशापायी?”

“त्यांना वाटतं, ही पोरं पुढं मोठ्या जागांवर गेली की आपल्याशी नीट वागतील.”

“म्हंजी आहेर आधीच करून ठेवायचा.”

“आवं आण्णा, हितनं नेल्यालंच थोडं परत येतंय म्हना की.”

ते हसले. “मग घे. याजासकट घे. पर लक्षात ठेव, ह्याच मातीत लोकांनी इंग्रजाच्या नाकावर टिच्चून आपलं सरकार चालवलंय. तिथं जाऊन मान खाली घालून बसू नगंस.”

सरकारच्या पैशानं शिकण्यात मला कमीपणा वाटत नव्हता. सरकारं शिक्षणावर खर्च करतात ते उपकार नव्हेत, आणि जी मुलगी बस न थांबणाऱ्या गावातून शिकून वर आली तिनं तर अशा शिष्यवृत्तीवर हक्कानं हात ठेवावा, असं माझं मत होतं आणि आहे. ‘आपल्यासाठी ते नसतंच’ हे वाक्य आमच्या वस्तीत इतक्या वेळा ऐकलंय की मला त्याची चीड आहे. माझी अडचण वेगळीच होती. ती होती ‘नेतृत्व’ या शब्दाची.

आमच्याकडं जास्त बोलणाऱ्या मुलीला आई दटावते, “लय पुढारी झालीस व्हय?” पुढारी म्हणजे कडक इस्त्रीचे कपडे, मयताला आला तरी फोटोवाला कुठं उभाय ते बघणारा माणूस. आणि हे सरकार मला विचारत होतं की तू केलेल्या नेतृत्वाचं उदाहरण दे.

उदाहरण माझ्याकडं एकच होतं, आमच्या फाट्यावरच्या बसचं.

कॉलेजला आम्ही मुली कराडला जायचो. सकाळची गाडी मागच्या गावांतूनच भरून यायची आणि फाट्यावर न थांबता निघून जायची. पहिला तास रोज बुडायचा. काहीजणींच्या घरी बोलायला लागले, एवढा त्रास हाय तर ऱ्हाऊ द्या कॉलेज. तेव्हा मी पत्रक लिहिलं. ‘आम्हा विद्यार्थिनींना गाडीत घेतले जात नाही, दोषी कर्मचाऱ्यांवर कारवाई करा.’ आण्णांनी ते छापून दिलं, आम्ही ते वाटलं, स्टँडवरही चिकटवलं. पुढच्याच दिवशी माझी एक मैत्रीण सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाडी करकचून थांबली. ड्रायव्हर खाली उतरला तो आमचं पत्रक हातात घेऊनच.

“कारवाई करा म्हनं! आत पाय ठिवायला जागा दावा, मग करा कारवाई!”

मी दारातून आत डोकावले. जागा खरंच नव्हती. कंडक्टर दोन्ही हात वर धरून माणसांत अडकला होता, त्याला तिकीटसुद्धा फाडता येत नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन मी मजकूर बदलला. ‘आम्ही’ काढून ‘आपण’ घातलं. आपली गाडी भरून येते. चालक, वाहक, प्रवासी, त्रास आपल्या सगळ्यांनाच आहे. आपल्या फाट्यासाठी सकाळची आणखी एक गाडी मागू या. हे नवं पत्रक मी आधी त्या कंडक्टरलाच नेऊन दिलं. त्यानं वाचलं, मान डोलावली आणि गठ्ठाच मागून घेतला. तिकिटाबरोबर पत्रक द्यायला लागला. कारखान्यावर जाणारे, दूध घालणारे, बाजाराला निघालेल्या बाया, सगळ्यांच्या सह्या आगारात गेल्या. पुढचं वर्ष सुरू होताना सकाळची दुसरी गाडी आली.

हे सगळं मी इंग्रजीत लिहिलं आणि पाचगणीला एका मॅडमना दाखवायला गेले. त्या तिथल्या एका निवासी शाळेत शिकवत आणि पूर्वी याच शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्या होत्या. त्यांनी अर्ज शांतपणे वाचला आणि चष्मा काढला.

“छान आहे. पण हा मोर्चा आहे. यात तू कुठेयस?”

“सगळीकडंच आहे की.”

“सगळीकडे ‘वुई’ आहे. वुई रोट, वुई मेट, वुई डिमांडेड. हे बघ, ते तुझ्या गावाला विमानात बसवणार नाहीयेत. तुला बसवणार आहेत. तू काय केलंस ते त्यांना कळायला नको?”

त्यांचं चुकत नव्हतं. घाट उतरताना मी मनातल्या मनात वाक्यं फिरवत होते, आणि साताऱ्याला पोचल्यावर बसून प्रत्येक वुईच्या जागी आय घातलं. मी मुलींना संघटित केलं. मी गाडी अडवली. मी प्रशासनाला झुकवलं. मजकूर एकदम भारदस्त झाला. वाचून मला पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आठवला.

पाठवण्याआधी मी तो मैत्रिणीला ऐकवायचं ठरवलं. तीच, जी रस्त्यात उभी राहिली होती. ती आता शिरवळला एका कंपनीत कामाला आहे, तयार माल तपासायच्या विभागात. सुट्टीच्या दिवशी गेले. तिच्या खोलीत बसून एकेक वाक्य मराठी करून सांगत गेले. ‘मी गाडी अडवली’पाशी तिनं हातातली शेंग ताटलीत टाकली.

“एकटीनंच अडवलीस व्हय गं? आन आमी काय फाट्यावर भजी तळत हुतो?”

“अगं, इंग्रजीत तसंच लिहावं लागतं.”

“इंग्रजीत खोटंच लिवावं लागतं?”

“मग ‘आम्ही’ लिहिलं तर म्हणतात, तू कुठायस. आता तूच सांग, काय करू?”

ती खाली बघून शेंगा सोलायला लागली. मला वाटलं, रागावली. हा अर्ज गेला नाही तरी चालेल, पण हिच्या वाटचं काम माझ्या नावावर लावून मला कुठंही जायचं नव्हतं. आणि जायचं तर फार होतं.

“आसं कर,” ती म्हणाली. “तुजं तेवढं तू लिव. पत्रक कुनी बदाललं? तू. त्या कंडक्टरकडं आदी जायाचं कुनाच्या डोस्क्यात आलं? तुज्या. आमी तर त्याला शिव्याच घालत हुतो. त्ये लिव की, लाजतीस काय? पर गाडीम्होरं मी हुबी ऱ्हायले. त्ये माजं हाय. त्याला हात लावू नगंस.”

मी तिथंच बसून अर्ज पुन्हा लिहिला. माझी वाक्यं ‘मी’ची, तिचं वाक्य तिचं, बाकीची सगळ्यांची. तो आधीपेक्षा लहान झाला. शब्द बदलला ही गोष्ट मी तोवर काम म्हणून मोजलीच नव्हती. मला वाटायचं, काम रस्त्यावर होतं आणि लिहिणं ही फक्त त्याची हमाली. पत्रकांनी मला पुष्कळ शिकवलं, पण आपल्या वाटणीचं काम आपलं म्हणायला त्यांनी शिकवलं नाही. ते शिरवळच्या त्या खोलीत शिकले. आपलं लपवणं आणि दुसऱ्याचं ढापणं, दोन्हींत हिशेब खोटाच लागतो.

मुलाखतीचं बोलावणं आलं, मुंबईत. टेबलापलीकडच्या एक गोऱ्या बाई माझा अर्ज चाळत म्हणाल्या, “मैत्रिणीनं गाडी थांबवली असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक लोक इथं ते स्वतःच्या नावावर सांगतील. मग नेतृत्व तिचं की तुमचं?”

“थांबवणं तिचं,” मी म्हणाले. “त्यानंतर ड्रायव्हर-कंडक्टरला आमच्या बाजूला आणणं माझं. गाडी थांबली नसती तर मला आतली गर्दी दिसली नसती, आणि मजकूर बदलला नसता तर गाडी त्या एका दिवसापुरतीच थांबली असती.”

मग मी त्यांना सांगितलं की आमच्या भाषेत वुईसाठी दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. पहिल्या पत्रकात ड्रायव्हर-कंडक्टर बाहेर होते, दुसऱ्यात आत. एवढंच केलं होतं.

बाईंनी दोन्ही शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. ‘आपण’मधला ण त्यांना काही जमेना. मग त्यांनी विचारलं, “आणि या खोलीत, आत्ता? कोणता शब्द?”

मला आण्णांची मान खाली न घालायची ताकीद आठवली. “आत्तापर्यंत आम्ही आणि तुम्ही,” मी म्हणाले. “‘आपण’ म्हणायला माझी तयारी आहे. पण तो शब्द एका बाजूनं म्हणून चालत नाही.”

त्या हसल्या की नाही ते मला आठवत नाही. पुढचा प्रश्न गाड्यांच्या वेळापत्रकावर आला.

निवड झाल्याचा मेल आला तेव्हा मी साताऱ्यात कामावर होते. आण्णांना फोन केला. आईला हाक मारताना त्यांचा आवाज फाटला. संध्याकाळी मी पुण्याची गाडी धरून शिरवळला उतरले. मैत्रीण कंपनीच्या गेटवर भेटली, ओळखपत्र अजून गळ्यातच होतं. तिनं मला भर रस्त्यात मिठी मारली आणि लगेच बाजूला केलं.

“बेस झालं. आता ऐक. फाट्यावरची दुसरी गाडी परत बंद केलीया. माजी धाकटी भन कालपास्नं रडत बसलीया.”

“मी आजच मजकूर लिहिते,” मी म्हणाले. “जायच्या आधी छापून देते.”

“तू जानार, मग पुढल्या खेपंला कोन लिवनार?” तिनं चहाच्या गाड्यावरच्या बाकड्यावर बसकण मारली आणि माझ्या पर्समधून पेन काढून घेतलं. “मीच लिवते. तू निस्त्या चुका बघ. आन लय श्याणपना करू नगंस.”

ती लिहीत होती आणि मी चहा पीत गप्प बसले होते, जे मला सोपं गेलं नाही. कागद माझ्या हातात आला तेव्हा चहावाल्यानं दिवा लावला होता. तिनं ‘आहे’च्या जागी सगळीकडं ‘हाय’ लिहिलं होतं. मी एक वेलांटी दुरुस्त केली, बाकी मजकूर तसाच ठेवला, आणि कागद देताना आण्णांना सांगितलं की छापताना ‘हाय’ला हात लावायचा नाही.