अडवतोय, सुचवतोय, सहज म्हणतोय

आमच्या शेजारच्या भाऊजींशी बोलायचं म्हणजे आधी पाटी वाचावी लागते. प्रत्येक वाक्याच्या दारावर ते पाटी लावतात. जिन्यात भेटले की, "सहज म्हणतोय, तुमच्या कुंडीचं पाणी खाली गळतं." इमारतीच्या सभेत, "सुचवतोय, रंगाचं पुढच्या वर्षी बघू." आणि लिफ्ट मध्येच हिसके द्यायला लागली तेव्हा सरळ उभे राहून, "अडवतोय. तपासणी होईपर्यंत लिफ्ट बंद." झाली बंद. माझे गुडघे त्यांना अजून शिव्या देतात.

पोरं त्यांची नक्कल करतात. एक दुसऱ्याला म्हणतो, "सहज म्हणतोय, तू गाढव आहेस." हसू येतंच. मला तर हसायला निमित्तही लागत नाही. पण ही पाटी कुठून आली ते इमारतीत फक्त मला ठाऊक आहे. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या मधल्या भिंतीला माझे आहेत.

भाऊजी सॉफ्टवेअरवाले. घरी झोपून असलेल्या आजाऱ्यांना श्वास पुरवणारं यंत्र असतं ना, त्याच्या आतला प्रोग्रॅम त्यांची कंपनी लिहिते. एकाने लिहायचा, दुसऱ्याने ओळन् ओळ वाचून बाजूला शेरे मारायचे, मग मंजुरी. वाचणारे हे. ऑफिसात त्यांना 'करवत' म्हणत, कारण जाताना कापत आणि येतानाही. "चूक आहे. पुन्हा लिहा." "लिहून झाल्यावर वाचलंत का?" असले शेरे. एकदा एका पोराने नोकरी सोडली आणि सोडताना यांचे शेरे साहेबांच्या टेबलावर ठेवून गेला. साहेबांनी यांना बोलावून सांगितलं, की तुमचं म्हणणं बरोबर असतं, पण माणसं पळतात. आणखी एक तक्रार आली तर या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल.

भाऊजींना फटकळ जिभेशिवाय दुसरी दिलेलीच नाही. गोड जीभ होती वहिनींकडे. वहिनी लहान मुलांच्या शाळेत शिकवतात. त्या रागावल्या तरी अंगाई म्हटल्यासारखं वाटतं. मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. हे शेरा वाचणार, त्या त्याला साखर लावणार. "चूक आहे" आत गेलं की "छान झालंय, फक्त इथे जरा वेगळं करता येईल का?" होऊन बाहेर यायचं. नमनालाच घडाभर तेल. मी भिंतीपलीकडे पदराने तोंड दाबून हसायचे. महिन्याभरात ऑफिस खूश. एवढंच नाही, शेरा लिहून कुणाचं काम अडकवून ठेवू नये, मंजुरी सोबतच द्यावी, समोरचा समजून सुधारतो, असंही भाऊजी शिकले.

त्यांच्या हाताखाली नवीन मुलगी लागली होती. हुशार आणि भरभर काम करणारी. तिच्या लिहिण्यात त्यांना एक भोक दिसलं. यंत्र किरकोळ कारणाने टिंटिं करतं तेव्हा घरचे कंटाळून आवाज बंद करतात. तो बंद केलेला आवाज बॅटरी संपताना आपोआप परत चालू व्हायला हवा. तिच्या प्रोग्रॅममध्ये तो बंदच राहत होता.

त्यांच्या मनात आलेला शेरा होता, "हे माणूस मारेल." वहिनी म्हणाल्या, असं कुणी लिहितं का, कोवळी पोर आहे. शेवटी गेला तो असा: "उत्तम काम! जमल्यास आवाजाचं तेवढं एकदा बघाल का?" पुढे हसरा चेहरा. आणि मंजुरी.

मुलीचं उत्तर आलं, "धन्यवाद सर! पुढच्या खेपेला नक्की बघते."

भाऊजींनी लिहायला घेतलं, "नाही, आत्ता." मग ते पुसलं. पुन्हा करवत म्हणतील, असं त्यांना वाटलं. पुढे तपासणारेही बसलेले असतातच, असंही वाटलं. तपासणाऱ्यांच्या हातूनही ते सुटलं.

एका दुपारी कुठल्याशा घरात वीज गेली. सून शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. यंत्राला बॅटरी आहे, संपत आली की ते ओरडेल, मग बघू, असा तिचा भरवसा. सकाळी तिनेच टिंटिं बंद केलं होतं. घड्या झाल्या तरी ओरडणं आलं नाही, म्हणून ती आत गेली. सासरे गेलेले होते.

चौकशीत तो शेरा भिंतीवर मोठा करून दाखवला, हसऱ्या चेहऱ्यासकट. भाऊजींनी उभं राहून सांगितलं, की दोष माझा, मला कळलं होतं आणि मी कळवलं नाही. लिहिलेलं पुसलं, तेही सांगितलं. जेवणाच्या टेबलाचं मात्र नाव काढलं नाही. साहेबांनी सगळं नोंदवून घेतलं आणि मुलीला काढलं. सूचना मिळाली होती, तिने पुढे ढकलली, हे तिच्याच शब्दांत समोर होतं. भाऊजींची खुर्ची शाबूत राहिली.

त्यानंतर ती एकदा घरी आली. मी वहिनींकडे विरजण मागायला गेले होते. विरजण मिळालं तरी मी हलले नाही, हे सांगायला नकोच. मुलगी बसली नाही. एवढंच विचारलं, की सर, तुम्हाला ते तेव्हाच इतकं गंभीर वाटलं होतं का?

"हो," भाऊजी म्हणाले.

"मग तसं लिहायचं होतं. मी रडले असते सर. पण थांबले असते."

वहिनींच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. मुलगी गेली. भाऊजी वहिनींना काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. एखादा दोन शब्द बोलून मोकळा झाला असता. त्याच आठवड्यात त्यांनी ऑफिसात नियम घालून घेतला, की शेऱ्याआधी त्याचं वजन लिहायचं: अडवतोय, सुचवतोय की सहज. अडवलं असेल तर मंजुरी नाही, मग कुणी काहीही म्हणो. तो नियम त्यांच्याबरोबर घरी आला आणि जिन्यातही उतरला.

वहिनी शाळेत अजून तशाच गोड बोलतात म्हणे. घरात नाही. परवा मात्र भिंतीपलीकडून त्यांचा जुना गोड आवाज आला, "जमलं तर जेवायला या."

मग भाऊजींनी विचारलं, "जमलं तर, की याच?"

"याच," वहिनी म्हणाल्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पुढे ताटांचा. त्या टेबलावर आता कुणी काही वाचून दाखवत नाही.