धानाच्या कडेचे गोटे

धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली की आमच्या गावात डांबरी रस्ता अर्धाच उरतो. बाकीच्या अर्ध्यावर सगळ्यांचं धान वाळत असतं. दाण्यांवरून चाक जाऊ नये म्हणून कडेनं गोट्यांची रांग लावायची. आमच्या घरी ते काम माझं. डोक्याएवढाले गोटे मी नाल्यातून स्वतः वाहून आणायची आणि त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू?

शेजारचे भाऊजी तुमसरच्या राईस मिलमध्ये हमाली करत. जाणं-येणं सायकलनं. त्या सकाळी मी अनवाणी धान हलवत होते, तेव्हा ते माझ्यापाशी उतरले.

"वहिनी, धान उचलाल तवा गोटे बी उचलून घ्या जी. अंधारात दिसत नाही. सायकलवाल्यानं कुठून जावं?"

"येवढा रस्ता पडला आहे, अन् तुमाले माह्याच गोट्यांवरून जायचं आहे काहून?" मी फटकन बोलले.

बिचारे हसले आणि पायडल मारून निघून गेले.

त्याच दिवशी चारच्या सुमारास आभाळ भरून आलं. मग काय, सारं गाव रस्त्यावर! आम्ही नवरा-बायकोनं धापा टाकत पोती भरली आणि घरात नेली. एक दाणा भिजू दिला नाही. गोटे तिथंच राहिले. विसरले असं म्हणायला मला तोंड नाही. उद्या पुन्हा पसरायचंच आहे, कोण उचलेल आणि कोण मांडेल, म्हणून मी ते सोडले होते.

दिवेलागणीला भाऊजी परत येत होते. समोरून ट्रक आला, उजेडानं त्यांचे डोळे दिपले, म्हणून त्यांनी सायकल कडेला घेतली. पुढचं चाक माझ्या गोट्यावर चढलं आणि ते आपटले. खुब्याचं हाड मोडलं. ट्रकवाल्यानंच त्यांना उचलून भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं, आणि इकडे आम्ही त्यालाच शिव्या घालत होतो. त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. आज आठवलं की माझीच मला किळस येते.

पंधरा दिवसांनी भाऊजी घरी आले. पोतं उचलणं आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेवटी एका दुपारी हिय्या करून त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसले.

"भाऊजी, तो गोटा माहा होता. तुमी सांगूनबी मी उचलला नाही." मला रडू फुटलं.

रागावतील, नाहीतर जाऊ द्या म्हणतील, असं मला वाटत होतं.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "आता उचलले का?"

मी खाली मान घातली. इतके दिवस मी देवापुढं नाक घासत होते. धान अंगणात वाळवून घेतलं, लाजेनं त्या जागेकडे फिरकलेही नाही. दुसऱ्याच्या धानाचे गोटे आमच्यात कुणी हलवत नाही. ते होते तसेच पडून होते.

"वहिनी," भाऊजी उठायला धडपडत म्हणाले, "शाळा सुटली असन. माही पोरगी त्याच रस्त्यानं सायकलनं येते."

मी चप्पल न घालताच धावत सुटले.